खर्जाचा आधार : बास गिटार आणि तिचा ॲम्प्लिफायर

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात वाद्यवृंद विभागाच्या बैठकीत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या व्यासपीठावरून साहित्य, नाटक आणि संतवाङ्मय यांवर विद्वानांची भाषणे झाली. माझ्यासारख्या कारखान्याच्या विद्युत विभागात उभी हयात घालवलेल्या माणसाला का बोलावले, असा प्रश्न आपणांस पडला असेल. कारण अगदी व्यावहारिक आहे. महोत्सवी निधीतून वाद्यवृंदासाठी बास गिटारचा एक कॉम्बो ॲम्प्लिफायर घ्यावा असे ठरले आहे. पण कोणता घ्यावा, यावर खरेदी समितीत दोन तट पडले आहेत. 'जास्तीत जास्त वॅटचा घ्या' असे एक पक्ष म्हणतो, तर 'स्वस्तात स्वस्त घ्या' असे दुसरा म्हणतो. दोघांचेही थोडे थोडे चुकते आहे, एवढे सांगण्यापुरताच माझा आजचा अधिकार.

प्रथम या वाद्याविषयी. आपल्या संगीतात खर्जाचे मोल कोणाला सांगायला नको. तंबोऱ्याची खर्जाची तार उतरली की गायकाच्या पायाखालची जमीन सरकते. डग्ग्याचा घुमारा नसला की तबला कोरडा लागतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदात हे काम पूर्वी माणसाहून उंच असा लाकडी डबल बास करीत असे. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी 'प्रिसिजन बास' बाजारात आणली, आणि तो अवजड लाकडी देह जाऊन भरीव फळीची, गळ्यात अडकवता येणारी गिटार आली. पण भरीव फळीला पोकळी नाही, म्हणून तिला स्वतःचा आवाजही नाही. तो आवाज बाहेरून पुरवावा लागतो. म्हणून पुढच्याच वर्षी, १९५२ साली, फेंडर यांनी 'बासमन' हा ॲम्प्लिफायर काढला. त्यात १५ इंची एक स्पीकर होता. सांगायचे ते एवढेच, की ॲम्प्लिफायर हे बास गिटारच्या सोबतीचे सामान नव्हे, ते तिचे निम्मे अंग आहे. तंबोऱ्याचा भोपळा निराळा काढून 'हा नंतर घेऊ' असे आपण म्हणत नाही.

कॉम्बो म्हणजे ॲम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच खोक्यात. उचलायला एक, जोडायला एक, विसरायलाही एकच! छोट्या मंडळाला हे सोयीचे.

आता माझ्या अज्ञानाची एक गोष्ट सांगतो. १९८८ च्या गणेशोत्सवात भावगीतांच्या कार्यक्रमात मी बास गिटार वाजवीत होतो. बासचा ॲम्प्लिफायर नव्हता, म्हणून साध्या गिटारचा एक लहान ॲम्प्लिफायर उसना आणला आणि बटण पुरते फिरवले. तिसऱ्या गाण्यात स्पीकरचा कागद फाटला आणि सुराऐवजी फडफड ऐकू येऊ लागली. गाणाऱ्या काकूंनी डोळे मिटून, पेटीच्या आधाराने गाणे निभावून नेले. नंतर मला त्या एवढेच म्हणाल्या, "खालून कोणी हात काढून घेतल्यासारखं वाटलं रे." ते वाक्य मी विसरलेलो नाही.

असे का झाले? बास गिटारची सर्वांत जाड मोकळी तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. पाच तारांच्या गिटारची तर सुमारे ३१. इतक्या संथ कंपनांत ऐकू येईल एवढी हवा हलवायची, तर स्पीकरच्या पडद्याला फार मोठी हालचाल करावी लागते. साध्या गिटारचा स्पीकर त्यासाठी घडवलेला नसतो. त्यात आपला कान खालच्या स्वरांना मुळातच मंद. फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९३३ साली मोजून दाखवले, की खालचा स्वर मधल्या स्वराइतकाच मोठा वाटावा यासाठी त्याला पुष्कळ अधिक जोर द्यावा लागतो. म्हणूनच जेथे साध्या गिटारला ३० वॅट पुरतात, तेथे बासला दोनशे-तीनशे वॅटची भाषा करावी लागते.

मग जास्त वॅटचा पक्ष बरोबर का? अर्धाच. वॅट दुप्पट केले की आवाज दुप्पट होत नाही. तो केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि एवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. तेव्हा २५० आणि ३०० वॅट यांतला फरक विक्रेत्याच्या तक्त्यावर दिसतो, मांडवात ऐकू येत नाही. उलट एका स्पीकरची संवेदनक्षमता १०० डेसिबल आणि दुसऱ्याची ९७ असेल, तर पहिला निम्म्या वॅटमध्ये तेवढेच काम करतो. म्हणून वॅटबरोबर संवेदनक्षमतेचा आकडाही विचारावा, आणि सांगितलेले वॅट किती ओहमला आहेत तेही विचारावे. पुष्कळ कॉम्बोंची पूर्ण शक्ती ४ ओहमला असते; आतला एकटा स्पीकर ८ ओहमचा असेल, तर दुसरे कॅबिनेट जोडेपर्यंत ती पूर्ण शक्ती हाती येतच नाही.

माझ्या अनुभवाचा अंदाज सांगतो. ढोलकी-तबल्याबरोबर घरगुती तालमीला ५० ते १०० वॅट भरपूर. पूर्ण ड्रमसेट असेल, तर दोनशेच्या खाली जाऊ नये. २०० ते ३०० वॅटवर आपल्या सभागृहाचे काम भागते. मोठ्या मैदानावर कोणताच कॉम्बो एकटा पुरत नाही. तेथे श्रोत्यांपर्यंत आवाज न्यायचे काम मुख्य ध्वनिव्यवस्थेचे; कॉम्बो वादकाला आणि शेजारच्या साथीदारांना ऐकू येण्यापुरता.

त्यासाठी खरेदी करताना कॉम्बोच्या पाठीमागे पाहावे. तेथे 'डीआय' नावाचा तीन टाचण्यांचा सॉकेट हवाच. त्यातून साउंडवाल्याच्या मिक्सरकडे थेट तार जाते. त्याच्याजवळ 'प्री' आणि 'पोस्ट' अशी कळ असली तर उत्तम. ती 'प्री'वर ठेवावी, म्हणजे वादकाने स्वतःसाठी खर्ज कमी-जास्त केला तरी श्रोत्यांकडे जाणारा आवाज बिघडत नाही.

दुसरे, बाहेरच्या स्पीकरसाठी सॉकेट. ८ ओहमच्या स्पीकरला ८ ओहमचाच दुसरा जोडला की एकूण ४ ओहम होतात. ॲम्प्लिफायरवर 'किमान ४ ओहम' लिहिले असेल, तर तेथेच थांबावे. तिसरा जोडण्याचा मोह आवरावा. या जोडणीला स्पीकरचीच जाड तार वापरावी, गिटारची बारीक तार कदापि नाही. आज एक चांगला कॉम्बो घ्या, दोन वर्षांनी निधी जमला की दुसरे कॅबिनेट घ्या. स्वस्ताचा पक्ष धरणाऱ्यांना हा मार्ग पटावा.

स्पीकर १० इंची घ्यावा, १२ की १५, हा वाद जुना आहे. १० इंचीचे बोल स्पष्ट असतात, १५ इंचीत घुमारा अधिक, १२ इंची मधला, असे ढोबळपणे म्हणतात. पण आकारापेक्षा खोक्याची घडण मोठी. शिवाय बहुतेक लहान खोकी ती ४१ कंपने पूर्ण ताकदीने देतच नाहीत. त्या स्वराच्या वरच्या अंशस्वरांवरून आपला मेंदू मूळ स्वर जुळवून घेतो. तेव्हा छापील आकड्यांवर भिस्त न ठेवता, जो मुलगा वाजवणार आहे त्याला त्याच्या गिटारसह दुकानात न्यावे आणि कार्यक्रमाला लागतो तेवढ्या मोठ्या आवाजात, सर्वांत खालच्या तारेवर, दहा मिनिटे वाजवून पाहावे. हळू आवाजात सगळेच ॲम्प्लिफायर गोड लागतात.

आणि वजन! १९६९ साली अँपेग कंपनीने ३०० वॅटचा प्रसिद्ध 'एसव्हीटी' काढला. तो आणि त्याची कॅबिनेटे हलवायला अनेक हात लागत. आता 'क्लास डी' जातीचे प्रवर्धक आणि निओडिमियमचे चुंबक आल्यामुळे तेवढ्याच वॅटचा कॉम्बो एकटा माणूस जिना चढवून नेऊ शकतो. आपल्या सभागृहाला लिफ्ट नाही आणि सामान वाहणारे कार्यकर्ते दरवर्षी एका वर्षाने थोर होत आहेत, हे समितीने ध्यानात घ्यावे.

आता वापराविषयी. कॉम्बो कोपऱ्यात ठेवला की दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज फुगवतात. वादकाला बरे वाटते, श्रोत्यांना मात्र नुसती घरघर ऐकू येते. तो कोपऱ्यातून काढावा आणि मजबूत स्टुलावर किंवा मागे कलता ठेवावा. जमिनीवर ठेवलेला स्पीकर वादकाच्या पोटऱ्यांना ऐकवतो, कानांना नाही. मग वादक आवाज वाढवतो आणि पहिल्या रांगेतली वडीलधारी मंडळी उठून मागे जातात. सभागृह घुमत असेल, तर खर्जाचे बटण वाढवण्याऐवजी कमी करावे आणि मधल्या स्वरांचे थोडे वाढवावे. प्रत्येक स्वर कळला की खर्ज आपोआप भरल्यासारखा वाटतो. 'गेन' एवढाच ठेवावा की जोराने तार छेडल्यावरच लाल दिवा क्षणभर लुकलुकेल.

यापुढचे मी जरा गंभीरपणे बोलणार आहे. १९९४ साली याच मंडळाच्या तालमीत ॲम्प्लिफायरमधून गुणगुण येत होती. मी त्याच्या प्लगची अर्थिंगची टाचणी काढून टाकली. गुणगुण थांबली आणि सर्वांनी माझे कौतुक केले. पंधरा दिवसांनी गिटार हातात असलेल्या एका मुलाचे ओठ माइकला लागले आणि तो मागे फेकला गेला. तो वाचला. त्याच्या आईने मला एका शब्दाने दोष दिला नाही, हे मला अधिक जड गेले. दोष सर्वस्वी माझा होता, आणि मी विद्युत विभागात नोकरीला होतो.

घडले ते असे. ॲम्प्लिफायरमध्ये वीज गळत होती. अर्थिंग असते, तर ती जमिनीत गेली असती. ते नसल्याने ती धातूच्या सांगाड्यावर, तेथून तारेच्या जाळीने गिटारच्या तारांवर आली. माइक मात्र जमिनीशी जोडलेला. त्या दोहोंमधला पूल म्हणजे तो मुलगा. ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे 'स्टोन द क्रोज' या वृंदाचे गिटारवादक लेस हार्वे रंगमंचावर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून विजेच्या धक्क्याने मृत्यू पावले. मला ही हकीगत फार उशिरा कळली.

म्हणून नियम असा : अर्थिंगची टाचणी कधीही काढायची नाही. गुणगुण आली, तर डीआयजवळची 'ग्राउंड लिफ्ट' ही कळ वापरावी. ती फक्त ध्वनीच्या तारेची जाळी सोडवते, विजेचे अर्थिंग तसेच राहते. ॲम्प्लिफायर आणि मिक्सर यांना शक्यतो एकाच ठिकाणाहून वीज घ्यावी. मांडवाच्या जोडणीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा आणि कार्यक्रमापूर्वी त्याचे चाचणीचे बटण दाबून पाहावे. जनरेटर असेल, तर त्याच्या अर्थिंगची खात्री केल्याशिवाय मुलांना रंगमंचावर सोडू नये. ॲम्प्लिफायरसाठी जमवलेल्या निधीतून पहिला खर्च या उपकरणावर करावा, ही माझी समितीला कळकळीची विनंती.

शेवटी कानांविषयी. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सोसावा, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, असा आरोग्यतज्ज्ञांचा दंडक आहे. म्हणजे १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे! माझ्या डाव्या कानात आज सतत एक बारीक सूर वाजतो. तो कोणत्याही रागातला नाही. मुलांनी तालमीत कानांत बोळे घालावेत, त्यात लाज नाही. आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सणासाठी मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य शासनाने दिली, तरच आणि वर्षातले फार तर पंधरा दिवस मिळते. आपण परप्रांतात राहतो. शेजाऱ्यांनी पन्नास वर्षे आपले ढोल-ताशे प्रेमाने ऐकले आहेत. त्या प्रेमाची परीक्षा ॲम्प्लिफायरने पाहू नये.

तेव्हा समितीला माझी शिफारस थोडक्यात अशी : २०० ते ३०० वॅटचा, एका माणसाला उचलता येईल असा, डीआय आणि बाहेरच्या स्पीकरची सोय असलेला कॉम्बो; निवड वाजवणाऱ्याच्या कानाने; आणि त्याआधी मांडवाचे अर्थिंग.

बासवादकाला टाळ्या फार पडत नाहीत. तो वाजवत असताना कोणाच्या लक्षात येत नाही, थांबला की मात्र सर्वांना कळते. या मंडळात पन्नास वर्षे सतरंज्या घालणारे, वर्गणीच्या पावत्या फाडणारे आणि प्रसादाचे भांडे घासणारे पुष्कळ हात असेच होऊन गेले. नव्या ॲम्प्लिफायरवर येत्या गणेशोत्सवात पहिला स्वर वाजेल, तेव्हा काकू ऐकायला नसतील. पण त्यांचे गाणे आमची मुले बसवीत आहेत. या वेळी खालचा हात कोणी काढून घेणार नाही, एवढी व्यवस्था आपण करूया.