सम्राटाची जमाखर्चाची वही



रोमन सम्राटांच्या गोष्टी म्हटल्या की रोम जळताना नीरोने वाजवलेले फिडल आणि कॅलिगुलाचा घोडा निघतोच. आधी त्यांचाच निकाल लावतो. फिडल हे वाद्य नीरोच्या काळी अस्तित्वातच नव्हते. इ.स. ६४ मध्ये रोमला आग लागली तेव्हा तो रोमबाहेर अँटियमला होता, असे रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. घोड्याला कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च पदाधिकारी, करण्याचा कॅलिगुलाचा बेत होता म्हणतात, एवढेच सम्राटांचा चरित्रकार सुएटोनियस सांगतो. घोडा कॉन्सल झाला असे कोणत्याही प्राचीन लेखकाने लिहिलेले नाही. (हशा)

आपण हसलात. माझी तक्रार नेमकी तीच आहे. तिजोरी उधळणाऱ्यांच्या गोष्टी जग दोन हजार वर्षे चवीने सांगते. मला आज ती तिजोरी भरणाऱ्याविषयी बोलायचे आहे. त्याचे नाव वेस्पासियन.

नीरोचा अंत झाला आणि ६९ साली एकाच वर्षात रोमला चार सम्राट लाभले. गाल्बा, ओथो, व्हिटेलियस हे पहिले तीन, त्यांच्यात वेळ घालवत नाही. चौथा आमचा वेस्पासियन. त्याचा बाप आशिया प्रांतात जकात वसूल करत असे आणि तिथल्या शहरांनी ‘प्रामाणिक जकातदार’ म्हणून त्याच्या प्रतिमा उभारल्या होत्या. (हशा) नाही, नाही, हे खरे आहे! सुएटोनियसने नोंदवले आहे.

तरुणपणी रोमच्या रस्त्यांची सफाई वेस्पासियनकडे होती. रस्त्यात चिखल दिसला म्हणून कॅलिगुलाने सैनिकांकरवी तो त्याच्या टोगाच्या, म्हणजे अंगावरच्या रोमन वस्त्राच्या, ओच्यात भरवला. शहराची घाण कोणाच्या अंगावर येते, ते या माणसाला सम्राट होण्याआधीच कळले होते.

आता ती प्रसिद्ध गोष्ट. त्याने लघवीवर कर बसवला. पुढच्या रांगेतल्या मंडळींनी नाक मुरडले, पण जरा थांबा, यामागचा धंदा समजून घ्या. रोमन माणसाचा टोगा लोकरीचा. साठवलेल्या लघवीत अमोनिया तयार होतो आणि त्याने लोकरीचा तेलकट मळ सुटतो. म्हणून धुलाई कामगार अशा लघवीच्या हौदात उभे राहून कपडे पायांनी तुडवत. पॉम्पेईला स्टेफानसची धुलाईशाळा उत्खननात निघाली आहे, हौदांसकट. म्हणजे सेनेटरांची शुभ्र वस्त्रे या दुर्गंधीतून निघत होती! वेस्पासियनने त्या धंद्यावर कर लावला, तेव्हा त्याचा मुलगा टायटस कुरकुरला. बापाने पहिल्या वसुलीतले नाणे त्याच्या नाकाशी धरून विचारले, वास येतो का? टायटस नाही म्हणाला. बाप म्हणाला, तरीही ते लघवीतूनच आले आहे. (हशा, टाळ्या)

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे, म्हणून आता भरभर सांगतो. लॅटिन आणि ग्रीक वक्तृत्वाच्या शिक्षकांना सरकारी तिजोरीतून वर्षाला एक लाख सेस्टर्स (रोमन नाणी) देण्याची सुरुवात वेस्पासियननेच केली. एका यंत्रकाराने अवजड खांब थोड्या खर्चात कॅपिटल टेकडीवर नेण्याची युक्ती आणली. त्याला मोठे बक्षीस मिळाले, पण मजुरांची कमाई बुडू नये म्हणून युक्ती वापरली गेली नाही. गरिबांच्या पोटाची सोय मला करू दे, असे वेस्पासियन म्हणाला. नीरोच्या खासगी महालातले तळे होते तिथे त्याने लोकांसाठी कोलोसियम बांधायला घेतले.

आत्ताच श्रोत्यांतून चिठ्ठी आली आहे: “आणि जेरुसलेम?” प्रश्न रास्त आहे, तो टाळणार नाही. ७० साली ज्यूंचे बंड मोडताना टायटसने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. तिथली लूट कोलोसियमच्या बांधकामात गेली. सुएटोनियस तर वेस्पासियनला धनलोभी म्हणतो. तो संत होता असा माझा दावाच नाही. माझे म्हणणे एवढेच की त्याची वही वाचताना जमा आणि खर्च हे दोन्ही रकाने वाचा. कॅलिगुला-नीरोच्या गोष्टींत आपण फक्त तमाशा पाहतो. रोमने त्याची किती किंमत मोजली, हे विचारायचे राहून जाते.

शेवटची गोष्ट, मग बसतो. ७९ साली वेस्पासियन वारला. अंत्ययात्रेत, रोमन रिवाजाप्रमाणे, फाव्हर नावाचा नट त्याचा मुखवटा घालून, त्याची नक्कल करत चालला होता. त्याने कारभाऱ्यांना विचारले, या यात्रेला खर्च किती आला? उत्तर आले, एक कोटी सेस्टर्स. नट ओरडला: मला एक लाखच द्या आणि खुशाल टायबर नदीत फेका! (प्रचंड हशा)

आपल्या सम्राटाला पैशाची किंमत कळत होती, हे रोमच्या रस्त्यावरच्या माणसाला ठाऊक होते, म्हणून हा विनोद जमला. श्रोतेहो, यापुढे कोणत्याही राज्यकर्त्याची गोष्ट ऐकलीत, तर हसून झाल्यावर दोन प्रश्न जरूर विचारा: पैसा कोणाकडून आला आणि कोणासाठी गेला?