दोन भुंगेरे, एकच नाव

मृगाच्या सुमाराला दोन चांगले पाऊस झाले की जळगाव-धुळ्याकडच्या बांधांवर रात्री बॅटऱ्या फिरू लागतात. कडुलिंब-बाभळी हलवायच्या, प्रकाश सापळे लावायचे, हुमणीचे भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. काम चांगलंच आहे. पण दिव्यापाशी आणखी एक भुंगेरा येतो आणि त्याच घमेल्यात मरतो. तो आपला गडी असतो.

ओळखायचा कसा? हुमणीचा भुंगेरा तपकिरी, जाडजूड, सुस्त. झाडाचा पाला खाणारा. दुसरा बहुधा काळा, लांब पायांचा, पळण्यात पटाईत, आणि तोंडाशी पुढे आलेला चिमटा. शास्त्रात या कुळाला कॅराबिडी म्हणतात. जगात त्याच्या सुमारे ४० हजार जाती आहेत. माळावर सहा पांढऱ्या ठिपक्यांचा एक मोठा काळा भुंगेरा दिसतो, तो यातलाच. त्याला मात्र हातात धरू नका, झोंबणाऱ्या आम्लाची पिचकारी मारतो!

ही मंडळी रात्रपाळीची. दिवसा ढेकळाखाली, पाचोळ्यात, काळ्या जमिनीच्या भेगांत. रात्री अळ्या आणि कोष खात हिंडतात. २०१८ मध्ये देशात आलेली, मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी मातीतच कोष करते, आणि यांची अंडी-पिल्लंही मातीतच. म्हणून मातीला जे कराल ते यांना आधी लागतं. रोटाव्हेटरची पाती पिल्लांचा चुरा करतात. फोरेटवर २०२० अखेर बंदी आली. पण जमिनीतून द्यायची दुसरी विषारी औषधंही मित्र-शत्रू पाहत नाहीत.

आता पंचाईत अशी, की हुमणीसाठी उन्हाळी नांगरट करा हे आम्हीच सांगतो. ते खोटं नाही. नांगरामागे बगळे उगाच चालत नाहीत. माझं मत विचाराल तर शेत नांगरा, बांध सोडा. त्यावरचं गवत पेटवू नका, तणनाशक मारू नका. इंग्लंडात १९८०च्या दशकापासून मोठ्या शेतांच्या मधोमध गवताचे वरंबे मुद्दाम राखू लागले, ते अशाच भुंगेऱ्यांसाठी. आपल्याला बांध आयता मिळालाय. तोही आपण दरवर्षी कोरून बारीक करतो आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या चढतो, ते वेगळंच.

आपल्या शेतात हे किती आहेत, ते घरच्या घरी पाहता येतं. संध्याकाळी प्लास्टिकचा एक पेला बांधाजवळ, एक शेताच्या मध्यावर, काठ जमिनीशी सपाट येईल असा पुरा. पाणी घालू नका. सकाळी लवकर मोजा आणि बांधावर सोडून द्या. दुपारपर्यंत ठेवलेत तर एकमेकांनाच खातील.