कार्डावरील अधिभार : ग्राहकाचा हक्क आणि दुकानदाराचे गणित



सिल्वासानजीकच्या मसाट औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली म्हणजे आसपासच्या दुकानांत कामगारांची वर्दळ सुरू होते. कोणाला महिन्याचा किराणा भरावयाचा असतो, कोणाला घरी पाठविण्यासाठी भ्रमणध्वनी घ्यावयाचा असतो. पगार बँकेत जमा झालेला असतो आणि खिशात कार्ड असते. अशा वेळी गल्ल्यापाशी पुष्कळदा एक वाक्य कानी पडते : ‘कार्डाने दिलेत तर दोन टक्के जादा पडतील.’ बारा हजार रुपयांच्या वस्तूवर हे दोन टक्के म्हणजे २४० रुपये होतात. ही रक्कम कोठे जाते आणि ती मागण्याचा अधिकार दुकानदारास आहे काय, हे प्रत्येक ग्राहकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

कार्ड यंत्रावर टेकविताच तीन संस्था कामाला लागतात. ग्राहकाला कार्ड देणारी बँक, दुकानदाराला यंत्र देणारी बँक आणि या दोहोंना जोडणारी व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांसारखी यंत्रणा. त्यांच्या सेवेचे मोल दुकानदाराच्या रकमेतून कापून घेतले जाते. त्याला व्यापारी सवलत दर म्हणतात. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत त्यातील मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेला मिळतो. ग्राहकाला मिळणारी बिनव्याजी मुदत आणि बक्षिसाचे गुण यांचा खर्च बव्हंशी येथूनच भागविला जातो. समजा, एखाद्या किराणा व्यापाऱ्यास शंभर रुपयांच्या विक्रीत पाच रुपये सुटतात. त्यातील दोन रुपये कापले गेले, तर त्याच्या हाती तीनच उरतात. दुकानदाराची कुरकुर सर्वस्वी निराधार नाही, ती यामुळेच.

तथापि सर्व कार्डांना एकच नियम लागू नाही, आणि नेमका येथेच ग्राहकाचा घोटाळा होतो. डेबिट कार्डातून ग्राहकाचे स्वतःचेच पैसे जातात. त्यावर दुकानदाराने जादा आकार घेणे समर्थनीय नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना कळविले आणि असा आकार घेणाऱ्या दुकानांशी संबंध तोडण्यास सांगितले. या कार्डांवरील कपातीलाही तिने कमाल मर्यादा घातली. १ जानेवारी २०१८ पासून वीस लाखांपर्यंत वार्षिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांसाठी ती यंत्रावरील व्यवहारास ०.४० टक्के ठरली. पुढे १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड व यूपीआय यांवरील कपात शून्यावर आणण्यात आली. सबब, अशा कार्डावर दोन टक्के मागणारा दुकानदार न झालेला खर्च वसूल करीत असतो.

क्रेडिट कार्डाची गोष्ट निराळी. तेथे कपातीला रिझर्व्ह बँकेने अशी कमाल मर्यादा घातलेली नाही. दर बँक व व्यापारी यांच्यातील करारानुसार ठरतो. हा करार सामान्यतः ग्राहकाकडून जादा वसुली करू देत नाही. असे असूनही लहान दुकानांत ती होते, कारण बिचारा ग्राहक विचारीत नाही.

हा भार कोणी सोसावा, हा वाद केवळ लहान दुकानांपुरता नाही. जानेवारी २०१७ मध्ये काही बँकांनी पेट्रोल पंपांवरील कार्डव्यवहारांस एक टक्क्यापर्यंत आकार लावण्याचे ठरविले, तेव्हा पंपचालकांनी कार्डे न घेण्याचा इशारा दिला. त्यांचे कमिशन ठरलेले असते. त्यांना भाव वाढविता येत नाही. अखेर हा भार ग्राहकावर अथवा पंपचालकावर पडणार नाही, असे केंद्र सरकारने जाहीर केले, तेव्हा पेच सुटला.

एखादे दुकान विशिष्ट कार्ड घेतच नाही, त्याचे मूळही याच हिशेबात असते. अमेरिकन एक्स्प्रेसचा व्यापाऱ्यांकडून घेतला जाणारा दर पूर्वापार चढा मानला गेला आहे. अमेरिकेत त्या कंपनीच्या करारानुसार, स्वस्त पडणारे दुसरे कार्ड वापरा, असे ग्राहकास सुचविण्याचीही व्यापाऱ्यांना मनाई होती. हा वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१८ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल लागला. याउलट ब्रिटनने त्याच वर्षी जानेवारीत ग्राहकांच्या कार्डांवरील अधिभारास बंदी केली. प्रश्न एकच, उत्तरे मात्र दोन.

यात एक सूक्ष्म अन्यायही आहे. दुकानदाराने अधिभार न घेता सर्वच मालाचा भाव थोडा वाढविला, तर रोखीने खरेदी करणारा मजूरही दुसऱ्याच्या कार्डाचा खर्च उचलतो. ज्याच्यापाशी कार्डच नाही, त्याने दुसऱ्याच्या बक्षिसाचे गुण भरावेत, हे न्याय्य म्हणता येणार नाही.

म्हणून ग्राहकाने कार्ड पुढे करण्यापूर्वी जादा आकार आहे काय, हे विचारावे. डेबिट व क्रेडिट यांतील भेद ध्यानी ठेवावा. शक्य तेथे रुपे डेबिट कार्ड किंवा बँक खात्याला जोडलेले यूपीआय वापरावे, म्हणजे दोघांचाही भार हलका होतो. जादा पैसे घेतले गेल्यास त्याची नोंद असलेले बिल मागावे. प्रथम बँकेकडे तक्रार करावी. दुकानदाराविरुद्ध १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनची मदत घ्यावी. दुकानदारानेही कोणती कार्डे चालतात, याची पाटी दर्शनी भागी लावावी.

दोनशे चाळीस रुपये ही कोणास क्षुल्लक रक्कम वाटेल. पाळीवर राबणाऱ्या कामगाराच्या घरी मात्र त्यात काही दिवसांची भाजी येते. ती रक्कम त्याने नियम ठाऊक नसल्यामुळे गमावू नये, एवढीच अपेक्षा.