रेणूंची गाठ कशी पडते? : अमाइड बंध आणि संगणकाचे गणित



हुलसूरपासून कलबुर्गीपर्यंतचा हा मुलूख तुरीचा. येथील तूरडाळीला ‘गुलबर्गा तूरडाळ’ या नावाने २०१९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. या डाळीच्या वजनाचा पाचवा हिस्सा, किंबहुना त्याहून थोडा अधिकच, प्रथिनांचा असतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. आणि तिच्यातील एक मणी दुसऱ्याला ज्या गाठीने जोडलेला असतो, तिला रसायनशास्त्रात अमाइड बंध म्हणतात. हीच गाठ लोकरीत व रेशमात आहे, नायलॉनच्या धाग्यात आहे, तापावरच्या पॅरासिटामॉलमध्ये आहे आणि पेनिसिलिनमध्येही आहे.

कागदावर ही गाठ फार सोपी दिसते. एका रेणूच्या आम्लगटातील कार्बन आणि दुसऱ्याच्या अमाइन गटातील नायट्रोजन एकत्र येतात, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, काम झाले! प्रत्यक्षात मात्र आम्ल आणि अमाइन एकत्र केले, की बहुधा नुसते लवण तयार होते. आम्लाचा प्रोटॉन अमाइन घेऊन टाकते आणि ज्या इलेक्ट्रॉन-जोडीने गाठ पडायची, तीच जोडी भलत्या कामी गुंतते. म्हणून एक तर भरपूर उष्णता देऊन पाणी हाकलावे लागते, नाही तर आम्लगटाला आधी एखाद्या क्रियाशील द्रव्याने उतावीळ करावे लागते. एमिल फिशर यांनी १९०१ साली ग्लायसीनचे दोन रेणू जोडले, तेव्हापासून रसायनशास्त्रज्ञ या युक्त्या शोधत आले आहेत. एकदा पडलेली गाठ मात्र मोठी चिवट असते. साध्या पाण्यात, नेहमीच्या तापमानाला, ती आपोआप सुटायला शेकडो वर्षे लागतात. चुलीवर आमटी कितीही रटरटली, तरी डाळ शिजते, गाठी बहुतांशी तशाच राहतात. त्या सोडवण्याचे काम पोटातील विकरांकडे असते.

प्रश्न असा, की गाठ पडते त्या नेमक्या क्षणी काय घडते? तो क्षण एका सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाइतका अल्प. त्या अवस्थेतला रेणू बाटलीत भरून ठेवता येत नाही. येथे गणित कामास येते. श्रोडिंगर यांनी १९२६ साली मांडलेल्या समीकरणावरून अणूंच्या प्रत्येक मांडणीची ऊर्जा, निदान तत्त्वतः, काढता येते. या ऊर्जांचा मिळून जणू डोंगराळ प्रदेश बनतो. अभिक्रिया म्हणजे एका दरीतून दुसऱ्या दरीत जाणे, आणि त्या वाटेवरची सर्वांत खालची खिंड म्हणजे संक्रमण-अवस्था. खिंड जितकी उंच, तितकी अभिक्रिया मंद. हा हिशेब अतिशय नाजूक आहे. साधारण तापमानाला ही उंची मोलमागे जेमतेम १.४ किलोकॅलरीने वाढली, तरी वेग दहापटीने घटतो. म्हणजे गणितातली थोडी चूकही उत्तर पार बिघडवते.

आरंभ अर्थातच लहान रेणूंपासून झाला. १९८२ साली अमेरिकेतील संशोधकांनी फॉर्मिक आम्ल (मुंगीच्या डंखातले तेच आम्ल) आणि अमोनिया यांच्यातील गाठ गणिताने तपासली. पुढच्या वर्षीच्या लेखात त्यांनी अमोनियाचा आणखी एक रेणू मध्यस्थ म्हणून घेतला. त्याने हायड्रोजन या हातातून त्या हातात दिला, की खिंड खाली येते, असे दिसले. मध्यस्थाचे हे महत्त्व पुढेही पुन्हा पुन्हा आढळणार होते.

मात्र दहा-बारा अणूंचे गणित वेगळे आणि प्रथिनाचे वेगळे. रूढ पद्धतीत रेणू दुप्पट केला, की आकडेमोड जवळजवळ सोळापट होते. या अडचणीवर एक उत्तर पुण्यात शोधले गेले. सी-डॅकने १९९१ साली ‘परम’ हा महासंगणक उभा केला. पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील श्रीधर गद्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर रेणूंचे गणित बसवले आणि १९९४ साली एक नवी रीत मांडली. मोठ्या रेणूचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे कापायचे, प्रत्येकाचे गणित निराळे करायचे आणि मग ते जोडून घ्यायचे. या रीतीच्या इंग्रजी नावातच शिंपीकाम आहे. घरोघरी गोधडी शिवणाऱ्यांना ती समजावून सांगावी लागणार नाही. गद्रे यांना १९९३ साली भटनागर पुरस्कार मिळाला. त्यांचा मुख्य विषय रेणूभोवतीचे विद्युत्-विभव, म्हणजे दुसरा रेणू कोठे आकर्षिला जाईल याचा नकाशा. अमाइडच्या अशा नकाशात इलेक्ट्रॉनांची श्रीमंती नायट्रोजनपाशी नसून ऑक्सिजनपाशी आढळते, कारण नायट्रोजनची जोडी कार्बनच्या बाजूला वाटली गेलेली असते. म्हणूनच हा बंध आखूड, सुमारे १.३३ अँगस्ट्रॉमचा, आणि सपाट असतो.

सजीवांत ही गाठ रायबोसोम बांधतो. जिवाणूंत सेकंदाला दहा-वीस. २००० साली त्याची सूक्ष्म रचना उलगडली, तेव्हा तेथील एक अ‍ॅडेनीन हाच प्रोटॉन घेणारा-देणारा कारागीर असावा, असे अनुमान निघाले. ते आकर्षक होते, पण टिकले नाही. तो घटक बदलून पाहिला, तरी वेग फारसा घटला नाही. २००४ सालच्या मोजणीतून असे दिसले, की रायबोसोम वेग सुमारे कोटीपट वाढवतो, तो मुख्यतः दोन्ही रेणूंना नेमक्या जागी आणून धरल्यामुळे. २००५ साली स्वीडनमधील उप्साला येथील गणिताने याला दुजोरा दिला आणि प्रोटॉनची ने-आण माळ वाहून आणणाऱ्या आरएनएचाच एक हायड्रॉक्सिल गट करतो, असे दाखवले. रायबोसोमच्या रचनेबद्दल २००९ सालचे नोबेल पारितोषिक तमिळनाडूत जन्मलेले वेंकटरामन रामकृष्णन, टॉमस स्टाइट्झ आणि आडा योनाथ यांना मिळाले.

२००५ चे गणितही तसेच राहिले नाही. त्यात प्रोटॉनची वाट सहा अणूंच्या कड्यातून जात होती. २०१० साली उप्सालाच्याच गटाने तेथे पाण्याचा एक रेणू धरून हिशेब पुन्हा केला, तेव्हा खिंड आणखी खाली आली आणि कडे आठ अणूंचे झाले. मध्यस्थ पुन्हा आला होता. या वेळी तो पाण्याचा होता.