पाचवी समिती आणि प्लास्टिकची पिशवी



साधुजीवनासाठी पाच समिती सांगितल्या आहेत : ईर्या, भाषा, एषणा, आदाननिक्षेपण आणि उत्सर्ग. त्याज्य वस्तू जीवरहित जागा पाहून यतनापूर्वक टाकावी, असे पाचवी समिती सांगते. टाकणे हीदेखील अहिंसेची कसोटीच होय.

उरलेले अन्न प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रस्त्यावर टाकले की गाय ते पिशवीसकट गिळते. पिशव्या तिच्या पोटात साठत जातात. पांजरपोळास दान देणाऱ्या हातूनच नकळत हा घात घडावा, ही खेदाची गोष्ट आहे.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या पिशव्या व थर्माकोलची ताटे यांवर बंदी घातली. तथापि 'कापडी' म्हणून मिळणारी न विणलेली रंगीत पिशवी बहुधा पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकचीच असते. उभे-आडवे सूत दिसले तरच ते कापड समजावे. मांजरपाटाची पिशवी धुऊन वर्षानुवर्षे वापरता येते.

स्वामीवात्सल्याची पंगत स्टीलच्या थाळीवर अथवा वाळलेल्या पळसपानांच्या पत्रावळीवर बसावी. थाळी धुऊन पिण्याची परंपरा तर समाजापाशी आहेच. धुळ्याच्या पांझराकाठी आणि जळगावच्या मेहरूण तलावाकाठी तरुणांनी नियमित श्रमदान करावे. वरघोड्याच्या अखेरीस स्वयंसेवकांची एक रांग गोणपाट घेऊन चालावी आणि मिरवणूक गेलेला रस्ता पूर्वीपेक्षा स्वच्छ दिसावा. सुवर्णमहोत्सवाची खरी प्रभावना तीच ठरेल.

जय जिनेंद्र!