कसब्याचा हिशेब

(धाराशिव येथे कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



धाराशिवात बसून पुण्याच्या कसबा पेठेविषयी कशाला बोलावे, असे तुमच्यापैकी काहींना वाटेल. पण 2 मार्च 2023 रोजी तेथील पोटनिवडणुकीचा निकाल लागला तेव्हा हायसे आपल्यालाही वाटले होते. मुक्ता टिळक यांच्या निधनाने रिक्त झालेली आणि 1995 पासून भाजपकडे असलेली ही जागा काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी सुमारे 11 हजार मतांनी जिंकली. वारे फिरले, असा निष्कर्ष आपण त्याच दिवशी काढून मोकळे झालो. मीही त्यात होतो.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. एका बाजारच्या गल्ल्यावरून वर्षाचा नफा मोजणाऱ्या दुकानदाराचे पुढे काय होते, हे मला तरी कळायला हवे होते. आकडे पाहा. 2019 साली कसब्यात भाजपला 75 हजार मते होती. काँग्रेसला 47 हजार, शिवसेनेच्या बंडखोराला 14 हजार, मनसेला 8 हजार. पोटनिवडणुकीत धंगेकरांना मिळाली 73 हजार. हे धंगेकर एके काळी मनसेचेच. म्हणजे विखुरलेल्या मतांची बेरीज झाली, वर थोडी भर पडली. भाजपचे हेमंत रासने 62 हजारांवर अडले. मतदानच निम्म्याच्या आसपास झाले होते. त्यांचा नाराज मतदार घरी बसला. आपल्याकडे तो आला, असे आपण मानून घेतले.

नोव्हेंबर 2024 मध्ये त्याचा उलगडा झाला. धंगेकरांची मते 70 हजारांवर राहिली, फारशी घटली नाहीत. रासने मात्र 90 हजारांवर गेले आणि 19 हजारांनी निवडून आले.

बेरजेचे महत्त्व मी कमी लेखत नाही. कसब्याबरोबरच चिंचवडचा निकाल लागला होता. तेथे राष्ट्रवादीच्या नाना काटे यांना 99 हजार, अपक्ष राहुल कलाटे यांना 44 हजार, आणि 1 लाख 35 हजार मते घेऊन विजयी झाल्या भाजपच्या अश्विनी जगताप. त्या चिंचवडची चर्चा आपण केलीच नाही. पराभवाची चर्चा कोणाला रुचते?

आता आपल्या घरात या. 2024 च्या लोकसभेला ओमराजे निंबाळकर येथून सव्वातीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. अवघ्या पाच महिन्यांनी विधानसभेला जिल्ह्यातील चार जागांपैकी तुळजापूर व परंडा महायुतीकडे गेल्या. तेच गाव, तीच यादी.

मार्च 2025 मध्ये धंगेकर शिंदे यांच्या शिवसेनेत गेले. त्यांना दोष देऊन काय साधणार? ज्या पक्षाजवळ उमेदवार असतो पण वस्तीत शाखा नसते, त्याचा विजय उमेदवाराच्या खिशात असतो. तो उठला की विजयही उठतो, आणि दारोदार फिरलेला कार्यकर्ता तेवढा मागे राहतो.

सभेनंतर चहा आहे. त्या वेळी प्रत्येकाने आपल्या मतदान केंद्रावरील, विधानसभेला मतदानाला न आलेल्या दहा घरांविषयी मला सांगावे. ती का आली नाहीत, हेही सांगावे. वही मी बरोबर आणली आहे.