पोरांचा संगणक आणि आपला पगार

(भोपाळ येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी सभासदांपुढे केलेले भाषण)



महागाई भत्ता आणि रिक्त जागा हे विषय आज सकाळच्या सत्रात झाले. आम्हाला दिलेला विषय घरगुती आहे. बारावीचा निकाल लागतो, पोराला किंवा पोरीला कॉलेजात प्रवेश मिळतो, पेढे वाटले जातात आणि आठव्या दिवशी घरात वाक्य येते, "बाबा, लॅपटॉप लागेल." पुढे काय करायचे, यावर आम्ही बोलणार आहोत.

जुन्या सभासदांना आठवत असेल, संगणक आला तेव्हा माणसे कमी होतील म्हणून आपल्याच चळवळीत त्याला विरोध झाला होता. ती भीती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. पण नंतर आरक्षण खिडकीवर त्याच यंत्रावर आपण बसलो. टपालातल्या बांधवांनी काउंटरवर 'मेघदूत' चालवले, बचत बँकेत 'संचय पोस्ट' चालवले. म्हणजे संगणक आपल्याला नवा नाही. नवे आहे ते एवढेच, की खात्याने दिलेल्या यंत्रावर काम करणे वेगळे आणि स्वतःच्या खिशातून यंत्र निवडणे वेगळे. कामावर यंत्र बिघडले तर तक्रार वर जाते. घरात बिघडले तर तक्रार कुठे जाते, हे आपण जाणताच.

आधी एक चूक कबूल करतो. आमच्या वसाहतीतले एक पोस्टमन बांधव, त्यांच्या मुलीला सिव्हिल डिप्लोमाला प्रवेश मिळाला. त्यांनी आम्हाला बरोबर नेले, कारण यांना यातले कळते असा त्यांचा समज. दुकानात एक चकचकीत, हलका, सर्वांत स्वस्त लॅपटॉप दाखवला. विक्रेता म्हणाला, हप्त्यावर न्या, आज काहीच भरू नका. आम्ही मान डोलावली. त्या यंत्रात रॅम ४ जीबी होती आणि साठवणूक ६४ जीबी, तीही ईएमएमसी नावाच्या संथ प्रकारची. दोन्ही गोष्टी मुख्य पाटीवरच जोडलेल्या, म्हणजे पुढे वाढवता येणार नाहीत. विंडोजच्या सुधारणा येत गेल्या तशी जागा भरत गेली. दुसऱ्या सत्रात मुलीला नकाशे काढायचे होते. ऑटोकॅड त्यावर चालेना. ती मैत्रिणीच्या घरी जाऊन रात्री नऊपर्यंत काम करी आणि वडील तिला आणायला सायकलने जात. हप्ते मात्र पुढे दीड वर्ष चालू होते. ते बांधव आम्हाला एका शब्दाने बोलले नाहीत. त्यामुळेच हा विषय आम्ही नीट शिकायचे ठरवले.

त्यातून पहिली गोष्ट कळली ती ही, की दुकानात जाण्याआधी कॉलेजात जावे. अभ्यासक्रमात कोणती सॉफ्टवेअर लागतात, हे विभागातल्या प्राध्यापकांना किंवा दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे. बी.ए., बी.कॉम., साधी बी.एस्सी. असेल तर लिहिणे, वाचणे, हिशोबाचे तक्ते आणि व्याख्याने पाहणे एवढेच काम असते. त्याला ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी पुरते. टॅली शिकायचे असेल तर विंडोज हवे. अभियांत्रिकीला, मग ती यांत्रिकी असो, स्थापत्य असो की संगणक, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी धरून चालावे. सॉलिडवर्क्ससारखी सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात, म्हणून तिथे हट्टाने दुसरे काही घेऊ नये. सारे पैसे एकदम नसतील तर आज ८ जीबीचे घ्या, पण विक्रेत्याला एक प्रश्न विचाराच: रॅमची मोकळी खाच आहे का? खाच असेल तर तिसऱ्या वर्षी वाढवता येते. नसेल तर आज घेतलेले शेवटपर्यंत तेच.

सॉफ्टवेअरला वेगळे पैसे मोजण्याआधीही चौकशी करावी. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना शिक्षणापुरते मोफत मिळते. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसची शैक्षणिक आवृत्ती कॉलेजने नोंदणी केली असेल तर कॉलेजच्या ईमेलवर मोफत मिळते. आणि ज्यांना फक्त लिहायचे-वाचायचे आहे त्यांना लिबरऑफिस सर्वांनाच फुकट आहे, मराठीही त्यात उत्तम लिहिता येते. दुकानदार 'सगळे घालून देतो' म्हणतो ते बहुधा चोरीचे असते आणि त्याबरोबर व्हायरस येतात.

लॅपटॉपच का, हाही प्रश्न विचारा. मूल वसतिगृहात राहणार असेल किंवा कॉलेजात रोज यंत्र न्यावे लागत असेल तर लॅपटॉपला पर्याय नाही. पण मूल घरूनच कॉलेजला जाणार असेल तर तेवढ्याच ताकदीचा टेबलावरचा संगणक स्वस्त पडतो, दुरुस्तीला सोपा असतो आणि पाच-सात वर्षांत एकेक भाग बदलता येतो. धाकट्यालाही तोच उपयोगी पडतो. त्याला यूपीएस लागेल, तो खर्च आधीच धरावा. बदली झाली तर ट्रंकेत भरून नेणे जिकिरीचे, हे मात्र खरे. रेल्वेच्या माणसाला ते वेगळे सांगायला नको.

आता जुन्या मालाविषयी. कंपन्या आपल्या कचेऱ्यांतले लॅपटॉप काही वर्षांनी बदलतात आणि तेच झाडूनपुसून बाजारात येतात. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, बंगलोरचा एस.पी. रोड, सगळीकडे हा माल आहे. आमचे मत या मालाच्या बाजूचे आहे, कारण कचेरीसाठी बनलेले यंत्र भक्कम असते. पण इथेच फसवणूकही जास्त. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-सुधारणा बंद केली. विंडोज ११ ला साधारणतः इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. परिणाम असा, की त्याआधीची यंत्रे ढिगाने विकायला निघाली आहेत आणि पाटी तीच: 'आय-फाइव्ह, फक्त इतक्यात'. आय-फाइव्ह या शब्दाला भुलू नका, त्यापुढचा आकडा वाचा. ४३०० असेल तर चौथी पिढी, ८२५० असेल तर आठवी. आकडा एकापासून सुरू होत असेल, जसे १०३५ किंवा १२३५, तर पहिले दोन अंक धरायचे: दहावी, बारावी. आपण डब्याचा क्रमांक पाहून तो कोणत्या वर्षी बांधला हे सांगतो ना, तसेच हे आहे.

चौथ्या-सहाव्या पिढीचे यंत्र अगदीच टाकाऊ असे नाही. त्यावर उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली फुकट बसवता येते आणि वाणिज्य-कला शाखेचे काम चांगले होते. मात्र किंमत त्या मानाने घ्यावी आणि मुलाची तयारी असावी. जुना लॅपटॉप घेताना चार्जर काढून अर्धा तास चालवून पाहा. विंडोजमध्ये बॅटरीचा अहवाल काढता येतो, त्यात मूळ क्षमता आणि आज उरलेली क्षमता दोन्ही दिसतात. बिजागरी हलवून पाहा, मराठी टाइप करून प्रत्येक कळ दाबून पाहा. आणि फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवून मागा. एवढ्या एका बदलाने मरगळलेले यंत्र धावू लागते.

यंत्र कसे निवडावे हे झाले. पण आपल्यातली माणसे जास्त बुडतात ती यंत्रात नव्हे, हप्त्यात.

पन्नास हजारांचे कर्ज घ्या, मुदत दोन वर्षे, व्याज १२ टक्के. ऐकायला एकच गोष्ट. पण हे व्याज 'फ्लॅट' असेल तर दोन्ही वर्षे पूर्ण पन्नास हजारांवर आकारतात: व्याज १२,००० आणि हप्ता सुमारे २,५८३ रुपये. तेच व्याज घटत्या शिल्लकीवर असेल तर हप्ता सुमारे २,३५४ रुपये आणि एकूण व्याज साधारण ६,४९०. म्हणजे तोच दर, तीच मुदत आणि साडेपाच हजारांचा फरक. म्हणून दर विचारून थांबू नका. 'एकूण किती परत करायचे' हा आकडा कागदावर लिहून घ्या.

'बिनव्याजी हप्ता' हाही असाच शब्द. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. व्याज असतेच, ते सवलतीच्या रूपाने वळते केलेले दाखवतात, प्रक्रिया शुल्क घेतात, आणि क्रेडिट कार्डावर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटीही लागतो. रोखीने घेतले तर किती सोडाल, हे विचारा. जो फरक निघेल तेच तुमचे व्याज.

आता आपल्या हक्काची गोष्ट, जी या सभागृहातल्या अनेकांना माहीत नसावी असा आमचा संशय आहे. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्र सरकारने बहुतेक व्याजी अग्रिमे बंद केली. वाहनाचे गेले. राहिली दोनच: घरबांधणीचे आणि वैयक्तिक संगणकाचे. २०१६ च्या आदेशानुसार संगणकासाठी ५०,००० रुपये किंवा प्रत्यक्ष किंमत, यांतली जी कमी असेल ती मिळते. संपूर्ण नोकरीत जास्तीत जास्त पाच वेळा. व्याज साधे आणि घटत्या शिल्लकीवर, वसुली पगारातून. आम्ही कितीतरी बांधवांना विचारले, बहुतेकांचे उत्तर एकच: "अर्ज केलाच नाही." काहींना कार्यालयातून 'तरतूद नाही' असे तोंडी सांगून परत पाठवले. तोंडी उत्तर घेऊ नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि तरतूद नसेल तर तसे लेखी मागा. तो कागद शाखेकडे आला की पुढच्या बैठकीत मांडता येतो.

इथे आम्हाला एक गोष्ट टोचते. ग्रामीण डाक सेवक बांधव नियमित सेवेच्या बाहेर ठेवलेले आहेत आणि हे अग्रिम त्यांना नाही. ज्याची मिळकत सगळ्यांत कमी, त्याला बाजाराच्या हप्त्यावर सोडले आहे. आपल्या मागण्यांच्या यादीत ही ओळ यावी असे आम्ही अध्यक्षांना सुचवतो.

अग्रिम उशिरा येणार असेल तर कर्मचारी सहकारी पतसंस्था आहे. तिचा दर आणि तिची पद्धत, दोन्ही विचारून घ्या, तिथे संकोच नको, ती आपलीच आहे. शिवाय मध्य प्रदेशात राज्याच्या माध्यमिक शिक्षा मंडळातून चांगले गुण मिळवणाऱ्या बारावीच्या मुलांना लॅपटॉपसाठी २५,००० रुपये देण्याची सरकारी योजना आहे. आपली बरीच मुले केंद्रीय विद्यालयात, म्हणजे सीबीएसईत असतात. त्यांनी या पैशावर विसंबून खरेदी लांबवू नये. रेल्वेतल्या बांधवांनी कर्मचारी हित निधीतून तांत्रिक शिक्षणासाठी मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचीही चौकशी करावी.

बिल पक्के घ्या. 'बिल नको असेल तर कमी करतो' हे ऐकून खूश होऊ नका, कारण अग्रिमासाठी पावती लागते आणि वॉरंटीसाठीही. बिलावर यंत्राचा अनुक्रमांक आहे का ते पाहा. मूल ज्या गावी शिकणार त्या गावी त्या कंपनीचे सेवाकेंद्र आहे का, हेही आधी विचारा. पोरगा हुबळीला आणि सेवाकेंद्र बंगलोरला, असे झाले तर पासाचा उपयोग होईल, पण अभ्यास बुडेल.

आणि मुलांशी बोला. एखादा खेळासाठीचा महागडा लॅपटॉप मागेल, वर्गातल्या तिघांकडे आहे म्हणेल. ओरडू नका. वर सांगितलेला हप्त्याचा हिशोब त्याच्यासमोर मांडा आणि निवड त्यालाच करू द्या. आमच्या अनुभवात मुले आपल्यापेक्षा कमी पैशात भागवतात, त्यांना आकडे खरे सांगितले पाहिजेत एवढेच. त्या पोस्टमन बांधवांच्या मुलीचेच पाहा. पुढे वडिलांनी अग्रिमाचा अर्ज केला, पैसे आले, तेव्हा तिने दुकानात स्वतः प्रश्न विचारले. रॅमची खाच, एसएसडी, पिढीचा आकडा, सगळे. आम्ही मागे उभे होतो, गप्प.

अर्जाचे कोरे नमुने बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत. ज्यांची मुले यंदा बारावीत आहेत त्यांनी जाताना न्यावेत, भरताना अडचण आली तर आम्ही चहाच्या वेळेत तिथेच बसलेलो असू.